आखूड मिशी, लांब मिशी

मित्रांनो, माझी गोष्ट मी जरा खालच्या आवाजातच सांगणार आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की छाती फुगवून बसतात. आपण किती उपयोगी पडलो, लोकांनी आपल्याला कसे डोक्यावर घेतले, हे सांगताना त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. माझ्याकडेही तसे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण त्यातले बरेचसे आठवले की मला लाज वाटते, आणि काचेची पंचाईत अशी की तिला तोंड लपवता येत नाही. मी एक भिंग आहे. कोटाच्या बटणाएवढे, पितळेच्या दोन झाकणांमध्ये मिटणारे आणि काळ्या दोरीने गळ्यात अडकवायचे. पितळ आता काळवंडले आहे.

एका लांबट खोलीच्या कारखान्यात माझा जन्म झाला. काचेची चकती ओल्या भुकटीत घासून घासून एका कारागिराने मला घडवले. माझ्या कडेला एक बारीक बुडबुडा राहून गेला. कारागिराने मला खिडकीशी धरले, एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाला, "चालेल." बस्स, एवढेच. जन्मल्या जन्मल्या कोणी वाहवा करावी अशी माझी अपेक्षा नव्हती, पण तो 'चालेल' काही केल्या माझ्या मनातून गेला नाही. पुढे जे कौतुक वाट्याला आले ते मी अधाशासारखे का गिळले, याचे कारण बहुधा त्या खिडकीपाशीच असावे.

दुकानाच्या कपाटात बरेच दिवस धूळ खाल्ल्यावर शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षिकेने मला विकत घेतले. मुले त्यांना बाई म्हणत, मुलांचे पालक बाई म्हणत, पुढे गावातले सगळेच बाई म्हणू लागले. म्हणून मीही बाईच म्हणतो. शाळेच्या मागे एक तळे होते. काठाला गवत, लव्हाळे आणि पाण्यात वाकलेल्या काटक्या. त्या काटक्यांवर छोटे तांबडे चतुर बसत. त्यांना चतुर हे नाव कोणी दिले कोण जाणे, कारण उडवून लावले तरी ते पुन्हा त्याच काटकीवर येऊन बसतात आणि अलगद जाळीत सापडतात.

आता कामाचे सांगतो. बहुतेक माणसे भिंग हातभर लांब धरतात, जणू ते चावणार आहे. तसे धरले तर काही दिसत नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचे आणि पाहायची वस्तू भिंगाजवळ आणायची. चतुराचे चारही पंख पाठीवर एकत्र मिटवून दोन बोटांत हलके धरायचे, म्हणजे त्याला इजा होत नाही. तो पाय झाडतो, डोके इकडेतिकडे फिरवतो, पण जरा धीर धरला की स्थिर होतो. मग त्याचा चेहरा पाहायचा. कपाळावर, दोन डोळ्यांच्या मध्ये, त्याला एक काळी रेघ असते. बाई तिला मिशी म्हणत.

सगळी गंमत त्या मिशीत आहे. तांबड्या चतुरांच्या दोन जाती अशा आहेत की रंग तोच, लांबी तीच, बसण्याची ढब तीच. एका जातीची मिशी डोळ्यापाशी येऊन थांबते. दुसऱ्या जातीची तिथे न थांबता डोळ्याच्या कडेने खाली उतरते. एवढाच फरक, आणि तोही केसाएवढा. रंगावर जावे तर तो पक्का फसवा. पोर वयात दोन्ही पिवळे असतात, नर वयात आल्यावर तांबडे होतात, माद्या मातकट राहतात आणि म्हाताऱ्या झाल्या की त्याही तांबूस दिसू लागतात. "रंगावर जाऊ नका, मिशी बघा," हे बाईंचे वाक्य वर्गातल्या मुलांना झोपेतसुद्धा पाठ असायचे.

मुले मोठी होऊन पांगली, बाई निवृत्त झाल्या, पण तळे सुटले नाही. रविवारी सकाळी काही मोठी माणसे त्यांच्याबरोबर काठाने फिरू लागली. त्यात एक पोस्टमनकाका होते. आठवडाभर गावभर सायकल फिरवून रविवारीही घरी न बसणारे, आणि कायम कोणाला तरी टोले हाणणारे. या मंडळींसाठी बाईंनी एक नियम घालून दिला. चतुर पकडला की दोघांनी पाहायचा. पहिल्याने पाहून तोंड मिटायचे आणि चतुर व भिंग दुसऱ्याच्या हाती द्यायचे. दुसऱ्याने पाहिले की बाई म्हणत, "बोला." मग दोघांनी एकदम बोलायचे. दोघेही 'आखूड' म्हणाले तर आखूड. दोघांचे जुळले नाही तर तिसऱ्यांदा बाई पाहत आणि त्या म्हणतील ते अखेरचे. एकट्याने पाहिलेला चतुर कधीच हिशेबात धरायचा नाही, मग तो कोणीही पाहिलेला असो.

"बाईंनी पाहिलं म्हणजे संपलं," असे मंडळी म्हणत. "भिंगच तसं आहे बाईंचं," असेही कोणीतरी म्हणे, आणि मी उन्हात चमकून घेई. मित्रांनो, ते दिवस फार सुखाचे होते.

मग बाईंच्या मुलाचे लग्न झाले आणि घरात सून आली. तिचा पाट्या रंगवण्याचा धंदा होता. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या ती एका लहानशा गाळ्यात रंगवत असे. रेघ कुठे सुरू होते आणि कुठे थांबते, हे पाहण्यातच तिचा दिवस जात होता. बाईंनी तिला पहिल्यांदा तळ्यावर नेले तेव्हा तिने मला इतके जवळ धरले की तिच्या पापण्या माझ्या काचेला लागल्या.

"आई, याला खरंच मिशी आहे," ती म्हणाली.

"हा नाही गं, ही. मादी आहे ती," बाई म्हणाल्या. "आणि हसू नकोस, ती तुझ्याकडे बघतेय."

सासू-सुनेचे असे गूळपीठ जमले की पोस्टमनकाका म्हणत, आता आम्हाला तळ्यावर कोण विचारतो. भाजी निवडता निवडता बाई कागदाच्या कपट्यावर मिश्या काढून दाखवत आणि सून ओळखी. आपल्यामागे रविवारची मंडळी हिनेच सांभाळायची, असे बाईंनी मनाशी ठरवून टाकले होते. तिला तसे बोलूनही दाखवले होते.

त्यानंतर बाईंच्या डोळ्यांचे सुरू झाले. त्या एकट्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. मी गळ्यात होतो, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"डोळ्याच्या मागच्या पडद्याची मधोमध झीज होतेय," डॉक्टर म्हणाले. "कडेकडेचं दिसत राहील. चालाल, फिराल, घरातलं सगळं कराल. पण ज्याच्याकडे रोखून बघाल तेच दिसेनासं होईल."

"ऑपरेशन करून टाका मग."

"याला ऑपरेशन नाही, बाई. वाढ हळू व्हावी म्हणून उपाय करू. घरच्यांना घेऊन या एकदा."

बाईंनी घरच्यांना नेले नाही. चष्म्याचा नंबर बदलला, एवढेच घरी सांगितले.

मित्रांनो, भिंगाला आपल्यामागचा डोळा कळतो. पाहणारा डोळा एका जागी ठरतो. न पाहणारा डोळा काचेच्या कडेने भिरभिरतो, हरवलेली वस्तू शोधावी तसा. मी पूर्वीसारखेच स्वच्छ चित्र तयार करून पुढे ठेवत होतो, ते घ्यायला मागे कोणी नव्हते. बाई जिथे रोखून पाहत, नेमकी तिथलीच मिशी पुसली जाई. तरी त्या मला डोळ्याशी धरत, थोडा वेळ थांबत, मला किंचित फिरवत आणि शांतपणे म्हणत, "आखूड."

आणि ते बरोबर निघे. कारण आमच्या तळ्यावर लांब मिशीचा चतुर कोणी कधी पाहिलाच नव्हता. सगळे आखूडच. मिशी न पाहता मिशी सांगता येत होती. बाईंना तळे सोडून घरी बसण्याची धास्ती वाटत होती, हे मला समजत होते. 'बाईंनी पाहिलं म्हणजे संपलं' हे ऐकल्याशिवाय त्यांचा आठवडा जात नसे. पण मला त्यांच्या हातात मेल्याहून मेल्यासारखे होई. मला डोळ्याशी धरले नसते तर त्यांना खोटे बोलताच आले नसते. मी त्या खोट्याचा आडोसा झालो होतो, आणि लोक अजूनही माझे कौतुक करत होते.

एका आठवड्यात चार दिवस जोराचा वारा सुटला. त्यानंतरच्या रविवारी तळ्यावर कुठून कुठून चतुर आले होते. पोस्टमनकाकांनी एक तांबडा नर जाळीत धरला, पाहिला आणि सुनेकडे दिला. तिने पाहिला, आणि माझ्यामागचा तिचा डोळा दगडासारखा स्थिर झाला.

"बोला," बाई म्हणाल्या.

"आखूड," काका म्हणाले. त्याच क्षणी सून म्हणाली, "लांब."

मंडळी जवळ सरकली. बाईंनी चतुर हातात घेतला आणि मला डोळ्याशी धरले. मित्रांनो, त्या दिवशीसारखे चित्र माझ्या काचेत पुन्हा कधी आले नाही. काळी रेघ कपाळावरून निघाली होती, डोळ्यापाशी वळली होती आणि कडेकडेने खाली, पार गालापर्यंत उतरली होती. आंधळ्यालाही दिसेल म्हणतात ना, तशी. बाईंचा डोळा माझ्या कडेवर भिरभिरत होता. आता म्हणतील, मला नीट दिसत नाही, असे मला वाटले. मी वाट पाहिली.

"आखूड," बाई म्हणाल्या.

"आई, पुन्हा एकदा बघता का?" सून म्हणाली. "खाली उतरलीय ती. मी नीट पाहिलं."

"अगं, ऊन तिरपं आहे. डोळ्याची सावली पडते कडेला. नवख्यांना तीच मिशी वाटते."

"पाट्यांवर रेघा लांबवायची सवय लागलीय सूनबाईंना," पोस्टमनकाका म्हणाले, आणि सगळे हसले.

बाईही हसल्या. खोटे बोलण्यापेक्षा मला त्यांच्या त्या हसण्याची अधिक लाज वाटली. सुनेने चतुर सोडून दिला. तो एकदा काटकीवर बसला आणि मग वाऱ्याबरोबर पलीकडे निघून गेला.

पुढच्या रविवारी सून आली नाही. कामाचे निमित्त सांगितले. त्याच्या पुढच्या रविवारी निमित्तही सांगितले नाही. एके दिवशी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. बाई भाजी निवडत होत्या. निवडताना त्या आता भाजीकडे पाहत नसत, बोटांनीच काम करत.

"डोळे तपासून आले मी," सून म्हणाली. "ठणठणीत आहेत म्हणाले."

"बरं झालं."

"मग माझं डोकंच चालत नसेल. आई, रविवारचं तुम्ही दुसऱ्या कोणावर तरी सोपवा. समोर धरलेलं ज्याला ओळखता येत नाही, तो लोकांना काय शिकवणार?"

बाईंनी मान वर केली नाही. देठ खुडत राहिल्या. माणसाची लाज त्याच्या हातांना सोडत नाही. त्या संध्याकाळी बाईंनी चांगली पाने टाकून दिली आणि देठ भांड्यात ठेवले.

थोड्याच दिवसांत तळ्याची देखभाल करणाऱ्या गावच्या समितीने सुनेच्या गाळ्यात एक काम दिले. काठावर लावायला पत्र्याची मोठी पाटी, तिच्यावर तळ्यावरच्या तांबड्या चतुराचा चेहरा, ताटाएवढा, आणि खाली माहिती. काय काढायचे ते बाई सांगतील, असे ठरले. म्हणजे सुनेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले सोडून द्यायचे, आणि बाईंनी न पाहिलेले स्वतःच्या हाताने पक्क्या रंगात काढायचे.

पाटी जवळजवळ झाली आहे असे कळल्यावर एका दुपारी बाई गाळ्यात गेल्या. पाटी दोन स्टुलांवर आडवी ठेवली होती. रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास भरला होता. सून मागच्या नळावर ब्रश धूत होती.

"आलात, आई? बघा कशी झालीय," ती आतूनच म्हणाली.

बाई पाटीवर वाकल्या. सवयीने त्यांनी मला उघडले आणि डोळ्याशी धरले. ताटाएवढ्या चेहऱ्यासाठी भिंग! मी शरमेने अर्धा झालो.

"छान झालीय गं," बाई म्हणाल्या. "आणि मिशी अगदी बरोबर काढलीस. डोळ्यापाशी थांबवलीस, ते फार चांगलं केलंस."

नळ बंद झाला. सून हात पुसत बाहेर आली. तिने पाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मग बराच वेळ बाईंकडे पाहिले.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "मिशी मी अजून काढलीच नाहीये. काळ्या रंगाचा डबा उघडायचाय."

बाई स्टुलाची कड धरून खाली बसल्या. मी त्यांच्या गळ्यात उघडाच लोंबत राहिलो.

"कधीपासून?" सुनेने विचारले.

"वर्ष होऊन गेलं."

"म्हणजे त्या दिवशी पण?"

"त्या दिवशी पण."

"मग लांब होती की आखूड?"

"मला कसं ठाऊक असणार?" बाई म्हणाल्या. "मी पाहिलीच नाही. तू पाहिलीस."

सून रागावली. रागावणारच. "मी डोळे तपासून आले, आई. डॉक्टरसमोर बसून अक्षरं वाचून आले. तुम्ही भाजी निवडत होतात. तेव्हा तरी सांगायचं."

"सांगणार होते. लाज वाटली."

"आणि मी? मला नाही लाज वाटली, सगळे हसले तेव्हा?"

सुनेने काळ्या रंगाचा डबा न उघडताच फळीवर परत ठेवला. "पाटी मी थांबवते," ती म्हणाली. "लोकांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एक शब्द बोलणार नाही. पण खोटी मिशी माझ्या हातून निघायची नाही." मग तिने बाईंचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून दिला. रागातही दिला, हे मी मुद्दाम सांगतो.

रविवारी मंडळी जमली. सूनही आली होती, जरा मागे उभी होती. बाईंनी मला गळ्यातून काढले आणि हातात धरून म्हणाल्या, "आज जाळी टाकायच्या आधी मला बोलायचंय. मला मधलं दिसत नाही. वर्ष झालं. या वर्षात मी जे जे आखूड म्हणाले ते न बघता म्हणाले. वाऱ्यानंतरच्या त्या चतुराला हिनं लांब म्हटलं, तेव्हाही मी पाहिलं नव्हतं. तुम्ही हिला हसलात, आणि मीही हसले. मला माफ करा, आणि हिची माफी मी तुमच्यासमोर मागते."

'असू दे बाई, होतं असं' म्हणायला कोणीतरी पुढे येईल असे मला वाटत होते. पण पोस्टमनकाका जमिनीकडे पाहत होते.

"बाई," अखेर ते म्हणाले, "मीही नव्हतो बघत. म्हणजे भिंग लावायचो, पण मिशीपर्यंत कधी पोचलोच नाही. तुम्ही आखूडच म्हणाल हे ठाऊक होतं, म्हणून मी आखूड म्हणायचो. त्या दिवशी पण."

आणि मग आणखी एकाने मान हलवली, आणखी एकाने नजर चुकवली. मित्रांनो, माझ्या काचेतून इतकी वर्षे इतके डोळे गेले, आणि मी समजत होतो की सगळे पाहत आहेत. बाई सवयीने म्हणत होत्या आणि बाकीचे बाईंच्या भरवशावर. तळ्याच्या काठावर खरोखर पाहणारी एकच होती, आणि तिला आम्ही हसून घरी बसवले होते.

"मग पाटीवर लांब मिशी काढूया," कोणीतरी म्हणाले. "सूनबाईंनी पाहिलीय ना."

"नको," सून म्हणाली. "एकटीनं पाहिलेला आपण धरत नाही. मी पाहिला, पण दुसरं कोणी पाहिलं नाही. नियम म्हणजे नियम."

बाईंनी मान खाली घातली. दुसरा डोळा त्यांचा असायला हवा होता, हे तिथे प्रत्येकाला कळले. त्या दिवशी आणि पुढच्या कित्येक रविवारी मंडळींनी काटकी न् काटकी पालथी घातली. या वेळी सगळ्यांनी खरोखर पाहिले. बाई भिंग न लावता जाळी धरून उभ्या राहत. पण वारा ज्याला घेऊन आला होता, त्याला तो केव्हाच घेऊन गेला होता. लांब मिशीचा चतुर पुन्हा सापडला नाही. आधीच्या वर्षांत तो किती वेळा आला असेल आणि आम्ही त्याला आखूड म्हणून सोडून दिले असेल, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

पाटी लागली. तिच्यावर आखूड मिशीचा एक चेहरा आहे, आणि त्याच्या शेजारी तेवढीच मोकळी जागा सुनेने सोडून ठेवली आहे. येणारे-जाणारे विचारतात, इथे काय राहिले? तेव्हा बाई स्वतः सांगतात. दर वेळी त्यांचा आवाज पडतो, तरी सांगतात.

मित्रांनो, मला शर्टाच्या टोकाने पुसू नका, ओरखडे पडतात. मऊ कापड घ्या. उन्हात उघडे टाकू नका. पण एवढे केले नाहीत तरी मी चालवून घेईन. माझी विनवणी वेगळीच आहे. मला डोळ्याशी धरलेत आणि काही दिसले नाही, तर 'मला दिसले नाही' एवढेच म्हणा. आणि शेजारचा म्हणाला की मला वेगळे दिसले, तर हसण्याआधी पुन्हा एकदा पाहा. तो चतुर तुमच्या बोटांत असतो तोवरच वेळ असतो.